गाठी सैल नव्हत्या

१४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पाणी गारठलंय, बुडी मारून वर आलं की दात वाजतात. धक्क्यावरचा पंप पुन्हा बिघडलाय. वहिनीचा खोकला गेला का?

बाबा बरे आहेत. म्हणजे जेवतात. धक्क्यावर मात्र येत नाहीत.

आता मुद्द्याचं. परवाच्या सभेत माइक हातात घेऊन, बुड्या मारणाऱ्या आम्हा सगळ्यांसमोर तू म्हणालास, "स्पंज मेले, कारण गाठी सैल होत्या." वा रे वा! स्पंज लावायच्या योजनेचा साहेब झालास म्हणून काय वाट्टेल ते ठोकून द्यायचं? त्या गाठी कुणाच्या, हे तुला माहीत नव्हतं? बाबा पुढच्याच रांगेत बसले होते रे!

जन्मभर समुद्राच्या तळाला वाढणारे जिवंत स्पंज कापून विकले, तळ ओसाड पडला, आता म्हातारपणी थोडे परत लावू म्हणून हा माणूस टबात कोपरापर्यंत हात बुडवून बसायचा. जिवंत स्पंजचा तुकडा विटेवर ठेवायचा, दोऱ्याने बांधायचा, सगळं पाण्याच्या आत. बाहेर काढला की त्याच्या भोकाभोकांत हवा शिरते आणि तो आतून सडतो. हे आपल्या दोघांना लहानपणी त्यांनीच शिकवलं.

आणि तू काय केलंस? योजना बघायला आलेल्या पाहुण्यांना फोटो हवा, म्हणून तळाशी मांडलेल्या विटा वर काढायला लावल्यास आणि बोटीवर उन्हात रांगेने ठेवल्यास. मी पाण्यातून ओरडत होते, "दादा, खाली सोड त्या!" तू हसून म्हणालास, "अगं, एवढ्याने काय होतंय!" पाहुण्यांचा चहा होईपर्यंत विटा तशाच. बाबा बोटीवर नव्हते, हे तुझं नशीब.

नंतर मी खाली जाऊन बघितलं. स्पंजचा करडा लगदा झाला होता. दोरे जागच्या जागी होते, दादा. एक गाठ सुटलेली नव्हती.

बाबा बरे आहेत असं वर लिहिलं, ते खोटं आहे. दिवसभर खुर्चीच्या पायाला दोरा बांधतात, ओढून बघतात, सोडतात, पुन्हा बांधतात. बोटं सोलवटलीत. मी खरं सांगायला गेले तर माझ्यावरच डाफरले, "सख्ख्या भावावर आळ घेतेस? तो कशाला खोटं बोलेल? माझेच हात गेले आता." आणि रडले. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं.

रविवारी नव्या विटा बांधायच्या आहेत. बाबा दोऱ्याला हात लावायला तयार नाहीत. तू ये. माइक नको, पाहुणे नकोत. त्यांच्यासमोर बस आणि सांग, विटा मी वर काढायला लावल्या. माझं त्यांना पटत नाही, तुझंच पटेल. नोकरीवर गदा येईल म्हणतोस? येऊ दे.

पत्राखाली मी नेहमी 'तुझी लाडकी धाकटी' असं लिहिते. आज हात धजत नाही. तू त्यांना सांगितलंस की लिहीन.

तोवर फक्त,
बाबांची मुलगी