लघवीच असेल

४ फेब्रुवारी
बालरोगतज्ज्ञ म्हणून नव्या नोकरीचा पहिला दिवस. नवजात विभागात अकरा काचपेट्या, एक मोठी खिडकी, आणि मोठ्या सिस्टर, ज्यांना डॉक्टरसुद्धा वचकून असतात. माझं सातव्या महिन्याचं पोट बघून त्या म्हणाल्या, एक पेटी तुमच्यासाठी राखून ठेवते. मी मनापासून हसले. मग त्यांनीच मला खुर्ची आणून दिली.

९ फेब्रुवारी
सहा दिवसांचं एक बाळ सुकत चाललंय, आणि तक्त्यावर दर तीन तासांनी 'लघवी भरपूर'. मी लघवीची चिकट पिशवी लावून बघितली. चार तासांनी डायपर चिंब, पिशवी कोरडी. म्हणजे ती लघवी नव्हतीच, पाण्यासारखी शी होती. आतड्याला क्षार शोषता येत नाहीत, असा जन्मजात आजार. फार दुर्मीळ. वेळेवर कळला तर क्षार देऊन मूल जगतं. डोळे असून बघत नाही, असं मी सिस्टरना फाडकन बोलले. नंतर ओशाळले.

१२ फेब्रुवारी
बाळाचे आईबाप आते-मामेभावंडं निघाले. हा दोष दोघांकडूनही आला तरच आजार होतो, एरवी पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो. त्यांचं पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं. त्याची आई म्हणाली, "तो नुसता मुतायचा, मॅडम. सगळे म्हणायचे, चांगलंच आहे की." हे बाळ मात्र आता दूध पितंय. माझा पायगुण म्हणे.

२० फेब्रुवारी
फोनवर आईला ही केस सांगितली. माझ्याआधी एक भाऊ होऊन गेला, एवढंच मला माहीत होतं. आई म्हणाली, "अगं, आपला दादा तसाच की. त्याचे लंगोट वाळतच नव्हते." मग भाजी करपतेय म्हणून तिने फोन ठेवला.
माझा नवरा माझ्या मामाचा मुलगा. घरातलंच स्थळ, डोळे झाकून द्या, असं सगळे म्हणाले होते.

६ मार्च
सोनोग्राफीत बाळाभोवती पाणी जास्त. या आजारात मूल पोटातच जुलाब करतं, म्हणून असं होतं. इतर कारणंही असतात. घरात काही आजार आहे का, असं तपासणाऱ्या बाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले. काही वाटलंच नाही.

२९ मार्च
मुलगा. अडीच किलो. पेटी लागली नाही. पहिला काळा मळ, जो या आजारात नसतो, मला दिसला नाही. कुणीतरी पुसला असेल. विचारलं नाही.

२ एप्रिल
घरी. सासूबाई, म्हणजे माझी मामीच, म्हणते लघवी भरपूर होते, चांगलंच आहे की. लघवीच असेल. वजन उतरलंय — काटा जुना आहे.

४ एप्रिल
विभागातून आणलेली पिशवी पर्समध्येच. दोन दिवस. लावली तर कळेल. नाही लावली तर —

५ एप्रिल
आज रडत नाही. मामी म्हणते, किती गुणी. टाळूवर बोट ठेवलं — खोल जातं.
सकाळी पिशवी लावली. चार तास झाले. डायपर काढतेय. जड. चिंब. पिशवी को