तुझ्या मातीला साहेब आले होते

मुरूम,
ता. १७ फेब्रुवारी १९४९

चि. सिद्राम यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. अव्वाचे गुडघे तसेच. ढवळी व्याली, कालवड झाली. हुरड्याला तू नव्हतास, म्हणून यंदा आगटीच पेटवली न्हाय. गुंडप्पाकाका शेंगा घेऊन सोलापूरला निघालेत, त्यांच्या हाती हे देते. सोमवारी पोस्टानं धाडलेलं माझं पत्रही एव्हाना पोचलं असेल. त्याचं खाली लिहिते.

आधी मेजरसाहेबाचं. पोलीस ॲक्शन झाल्यापासून तालुका त्याच्याच हुकमात आहे. तू म्हणशील, अक्का लष्करवाल्याचं कौतुक करायला लागली. करत होते, व्हय. रझाकारांच्या भीतीनं आपण कडब्याच्या गंजीत बसून काढलेले दिवस मी विसरले न्हाय. हा माणूस दारात बूट काढतो, अव्वा आली की उठून उभा राहतो. आडातला गाळ काढवला. कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नाही.

रोज तुझं विचारायचा. काय आवडतं, हसतो कसा, कुठल्या कुशीवर झोपतो. एवढं तर आपल्या बापानंही कधी विचारलं नव्हतं. तुझी खोली त्यानं सारवून घेतली, अंथरूण घालायला लावलं. तुझ्या जुन्या वहाणा स्वतःच्या रुमालानं पुसल्या आणि उंबऱ्याशी ठेवल्या, आत तोंड करून.

तुम्ही पोरं गेलात त्या लाल बावट्याचं नाव निघालं की त्याचा आवाज चढत नाही, उतरतो. एकदा अव्वाला म्हणाला, "अम्मा, रझाकारानं घर जाळलं तर घर पुन्हा बांधता येतं. कम्युनिस्ट देव्हाऱ्यातून मूल उचलून नेतो. मी मुलं परत देव्हाऱ्यात ठेवतो." मग देवळीकडं बघितलं. तू जाताना गळ्यातून काढून ठेवलेलं इष्टलिंग तिथंच आहे, अव्वा रोज त्याची पूजा करते. म्हणाला, "लिंग इथं, मग माणूस कुठं?" मी उत्तर दिलं. काय दिलं ते सांगते, जरा धीर धर.

मंगळवारी शांतम्माकडं विरजण मागायला गेले. तुझा जोडीदार शांतलिंग तिच्या पत्रावर दिवाळीनंतर परत आला होता. साहेबानं दीड महिना छावणीत ठेवून घेतला, मग घरी सोडला. अंगावर एक ओरखडा नाही. जेव म्हटलं की जेवतो. आईलाही "जी साहेब" म्हणतो. मी गेले तेव्हा तो पूजेला बसलेला, डाव्या तळहातावर लिंग. बघते तर पाण्याचा थेंब नाही, बेलाचं पान वाळून गेलेलं, तरी हात तसाच पुढं. शांतम्मा शेतातून आली, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "पुरे." तेव्हा कुठं त्यानं हात खाली घेतला. सकाळी 'पुरे' सांगायची विसरले, म्हणाली. दुपार टळून गेली होती रे.

साहेब अधूनमधून त्याला बघायला येतो म्हणे, आणि त्याचे डोळे भरून येतात. "किती शांत झालाय," म्हणतो.

घरी येऊन अव्वाला सगळं सांगितलं. ती रडली नाही. काल सकाळी तिनं विधी करणाऱ्या मठातल्या अय्यांना बोलावलं. देह नाही तर विधी कसला, म्हणून अय्या आधी तयार होईनात. ती म्हणाली, लिंग माणसासोबत जमिनीत जातं ना, मग लिंग गेलं म्हणजे माणूस गेला. मळ्यात बाबांच्या शेजारी खड्डा केला, विभूती घातली, बेल घातला, आणि तुझं लिंग तिनं स्वतःच्या हातानं ठेवलं. तू मेलास म्हटलं की साहेब तुझा नाद सोडेल, एवढंच त्या आईच्या मनात.

साहेब आले. टोपी काढली, मूठभर माती घातली. डोळे पुसले. खरंच पुसले, सिद्राम. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आता तो नक्की येईल. परका माणूसही मातीला येतो, ही तर त्याची स्वतःची."

सोमवारच्या पत्रात अव्वा अंथरुणाला खिळलीय, साहेबानं अभय दिलंय, लगेच ये, असं लिहिलंय. ते खोटं. कुणी बळजबरी केली असेल असं तुला वाटेल. न्हाय केली. मी आपणहून लिहिलं. तू घरच्या त्या खोलीतल्या अंथरुणावर झोपावंस असं मलाच वाटत होतं. आणि त्या दिवशीचं माझं उत्तर म्हणजे तुझा पत्ता, चाळीच्या नावासकट.

म्हणून हे वाचलंस की चाळीतली खोली सोड. कुठं गेलास ते मला कळवू नकोस. साहेबानं पुन्हा तसं मायेनं विचारलं तर मी सांगून टाकीन, माझा मलाच भरवसा नाही. आज सकाळीही येऊन त्यानं तुझ्या वहाणा पुसल्या.

अव्वा जिवंत आहे. तू मेलायस, तसाच राहा. मेलेल्याला कुणी आशीर्वाद देत नाही, मी देते. शंभर वर्षं जग.

तुझी गुन्हेगार अक्का,
शिवकांता