मला योरोला नेलं त्याची हकिकत

ओगाकी, लाल पानांचे दिवस

किनुअक्का, तुला वाकून नमस्कार.

तुमच्या हिदात पहिला बर्फ भुरभुरून गेल्याचं टीव्हीवर दाखवलं. तुझं घर दिसतंय का म्हणून मी काचेला नाक लावून पाहिलं, पण ती हवामान सांगणारी बया नेमकी मध्ये उभी होती. तुझा गुडघा कसा आहे? 'बरा आहे' असं लिहू नकोस, ते तू गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ काढताना शिडीवरून पडलीस तेव्हाही लिहिलं होतंस. मुळ्याचं लोणचं घातलंस का? इकडे सगळे खुशाल. मीही खुशाल आहे, आणि हे मला माझ्याच घरात बसून लिहिता येतंय, यात बरंच काही आलं. पत्राचं कारण आधी लिहायची रीत आहे, पण मी ते शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि हकिकत तर तुला सांगायलाच हवी.

तर अक्का, महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात कुजबुज चालली होती. नोरियुकी तुला ठाऊकच आहे. मुलगा माझा असला तरी स्वभाव आईवर गेलाय, मीठ मागायचं तरी आधी हवापाण्याचं बोलून घेतो. सूनबाईचं तसं नाही. चिझुरु साधं बोलायला लागली तरी शेजारचे लोक खिडकी लावून घेतात. तीसुद्धा कुजबुजायला लागली म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय हे मी ताडलं. मी आत गेलो की दोघंही एकदम मुळ्यांबद्दल बोलायला लागायची. (मुळ्यांबद्दल नवराबायको इतकं काय बोलणार?) कानावर तुकडे यायचे ते असे: 'खोली रिकामी करायला हवी.' 'बाबा ऐकायचे नाहीत.' 'सरळ विचारलं तर नाहीच म्हणतील.' आणि एकदा चिझुरुच्या नेहमीच्या आवाजात, अगदी स्वच्छ: 'आधी योरोला नेऊ या, तिथंच सांगू.'

माझ्या पायाखालची चटई सरकली. मग एक दिवस सूनबाई माझ्या खोलीबाहेरचा बोळ टेपनं मोजताना सापडली. म्हणाली, पलंग वळेल का बघतेय. कुणाचा पलंग ते सांगितलं नाही. वर मलाच विचारते, 'बाबा, म्हाताऱ्या माणसाला गादीपेक्षा पलंग बरा, नाही? उठायला सोपं.' मी म्हटलं, 'म्हाताऱ्या माणसाला काय, जिथं टाकाल तिथं बरं.' टोमणा तिला कळलाच नाही. मान डोलावून आकडा लिहून निघून गेली.

आता तूच सांग, ओगाकीचा माणूस योरोचा धबधबा बघायला कशाला जाईल? आगगाडीनं अर्ध्या तासाची वाट. मला चौथीत असताना मास्तरांनी नेलं होतं, तुला त्याआधी नेलं असेल, आणि एकदा शाळेतून गेलेला माणूस जन्मात पुन्हा जात नाही. धबधबा बघायला येतात ती नागोयाची माणसं. शिवाय नाव बघ. योरो, म्हणजे म्हाताऱ्याला पोसणे. आपल्या लहानपणी म्हाताऱ्यांच्या आश्रमाच्या पाटीवर हाच शब्द असायचा, आणि तिथून जाताना आई आपल्याला हाताला धरून भराभर ओढायची. आता त्याच डोंगराच्या पायथ्याशी तसलंच एक नवं घर झालंय, पडद्यांवर दुधीभोपळ्यांची चित्रंबित्रं. माझ्याबरोबर गोच्या पटावर सोंगट्या खेळणारा मोरिशिमा वसंतात तिथं गेला. त्याच्या मुलानं त्याला भाजलेला वाम मासा खायला म्हणून नेलं होतं. वाम खाऊन झाला, मुलगा घरी परतला, मोरिशिमा राहिला. (तो म्हणतो वाम चांगला होता.)

तेव्हा मी काय ते समजलो. रात्री उशीत तोंड खुपसून थोडा रडलो, हे तुला सांगायला हरकत नाही. ज्या घरात बापजाद्यांनी साके प्यायची लाकडी मापं केली, मी हयातभर केली, जिथं नोरियुकीची आई, माझी तोमोए, गेली, तिथून आपल्याला उचलायचं ठरलंय आणि ते सांगायचंही धाडस कुणाला नाही, याचं वाईट वाटलं. पण भीक मागायची नाही असं ठरवलं. जायचं तर ताठ मानेनं. शनिवारी गुपचूप पिशवी भरली. लोकरीची सगळी बनियनं, आतले कपडे, दातांचा पेला, रक्तदाबाच्या गोळ्या, माझ्या हातचं सुरूच्या लाकडाचं एक माप, आणि देव्हाऱ्यात पूजतो ती तोमोएच्या नावाची पाटी, टॉवेलात गुंडाळून. तिला मागं ठेवून मी कसा जाणार होतो? देव्हाऱ्याची दारं लावून घेतली म्हणजे कुणाला कळायला नको.

रविवारी निघालो. नोरियुकी म्हणाला, 'बाबा, एवढी पिशवी कशाला?' मी म्हटलं, 'स्वेटर.' गाडीत आमच्या रिंकोनं (नातीला तू पाहिलंस तेव्हा रांगत होती, आता तिसरीत आहे) योरोची गोष्ट सांगा म्हणून हट्ट धरला. मी सांगितली. गरीब लाकूडतोड्या, त्याच्या म्हाताऱ्या बापाला साके हवी, पैसा नाही, मग डोंगरात धबधब्याच्या पाण्याचीच साके झाली आणि राणीसरकारांनी त्या मुलाचं कौतुक केलं. 'त्यानं बापाला पोसलं,' मी नोरियुकीकडे बघून म्हटलं, 'घरी ठेवून पोसलं.' नोरियुकी संत्रं सोलत होता. मग मी न मागता दुसरी गोष्टही सांगितली, म्हातारीला पाठुंगळी घेऊन डोंगरात सोडायला निघालेल्या मुलाची. म्हातारी वाटेत फांद्या मोडत जाते, का तर परतताना पोराची वाट चुकू नये. रिंको रडायला लागली. शेजारच्या बाकावरची एक बाईही रडायला लागली. नोरियुकी म्हणाला, 'बाबा, सुट्टीच्या दिवशी ही कसली गोष्ट,' आणि सोललेलं संत्रं माझ्या हातात ठेवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

स्टेशनाबाहेर आलो तर समोर एक पांढरी गाडी उभी, दारावर दुधीभोपळा, आणि आकाशी कपड्यांतला एक हसरा पोऱ्या कमरेत वाकून म्हणतोय, 'या आजोबा, तुमचीच वाट बघत होतो.' घरची मंडळी तांदळाच्या कडक पापड्या घ्यायला दुकानात शिरली होती. मी मनाशी म्हटलं, असं आहे होय. निरोपसुद्धा नको म्हणतायत. ठीक आहे. मी गाडीत चढलो, पट्टा लावला, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत बसलो. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, 'नवे का?' मी म्हटलं, 'आजपासून.' त्यांनी मला खडीसाखर दिली आणि सांगितलं की मंगळवारचं सूप सोडून बाकी सगळं खाण्यासारखं असतं. इतक्यात पोऱ्यानं माणसं मोजली, एक जास्त भरलं, पुन्हा मोजली, पुन्हा जास्त. तो घामाघूम. (ज्याची तो खरी वाट बघत होता तो म्हातारा, मागाहून कळलं, स्टेशनाच्या संडासात कडी लावून बसला होता. मला त्याचं पटलं.) मग नोरियुकी धावत आला. 'बाबा, ही गाडी धबधब्याची नाही.' मी म्हटलं, 'मला माहीत आहे कुठली आहे.' त्यानं पोऱ्याची माफी मागितली, पट्टा सोडवला आणि मला खाली उतरवलं. मी समजलो, आधी धबधबा, मग हे. मारायच्या आधी बोकडाला हिरवा पाला दाखवतात तसं.

वर चढायची वाट तुला आठवत असेल. शाळेच्या वेळी आपण आपापले पळत गेलो असू. आता अर्ध्या वाटेत माझे गुडघे ऐकेनात. नोरियुकी समोर येऊन खाली बसला. 'बाबा, पाठीवर या.' अक्का, माझ्या अंगावर काटा आला. म्हातारा, मुलाची पाठ, वर डोंगर. गोष्टीत काही कमी म्हणून नव्हती. नको नको म्हणत पाठीवर बसलो झालं, काय करणार. चिझुरुनं पिशवी उचलली आणि यात दगड भरलेत का म्हणून विचारलं. आणि वर बसल्यावर मला दिसलं की माझ्या मुलाच्या टाळूवर टक्कल पडायला लागलंय. कधी पडलं ते मला कळलंच नव्हतं. धापा टाकत, मध्येच थांबून मला नीट सरकवून घेत तो चढत होता. माझा सगळा राग कुठं गेला कोण जाणे. वाटलं, सोडायला नेत असला तरी पोरगं दमतंय. म्हणून मी हाताशी आलेली मेपलची एक फांदी मोडली. त्याची वाट चुकू नये म्हणून. लगेच बागेचा राखणदार शिट्टी फुंकत आला आणि पाटी वाचता येत नाही का म्हणून ओरडला. नोरियुकीनं कमरेत वाकून माफी मागितली. मी त्याच्या पाठीवर असल्यामुळे माझीही आपोआप मागून झाली.

धबधबा आहे तसाच आहे. आपल्या आठवणीपेक्षा जरा बुटका. रिंको म्हणाली, आजोबा, पाण्याची साके झालीय का बघू. मी म्हटलं, पिशवीत माप आहे. हे बोललो आणि माझी चूक माझ्या लक्षात आली, पण तोवर चिझुरुचा हात आत गेला होता. बनियन निघालं. मग बनियन. मग बनियन. मग जे चारचौघांत निघू नये ते. दातांचा पेला. शेवटी टॉवेल, आणि टॉवेलातून तोमोए.

नोरियुकीचा चेहरा पांढरा पडला. 'बाबा, आईला का आणलंत?'

खरं सांगायला जीभ वळेना. मी म्हटलं, 'तिला धबधबा बघायचा होता.' झालं. आजूबाजूला नागोयाची एक अख्खी सहल उभी होती. बायकांनी रुमाल काढले. एका गृहस्थानं टोपी काढून पाटीला नमस्कार केला. नोरियुकी तर हुंदके द्यायला लागला. मला क्षणभर वाटलं, सुटलो. पण चिझुरु रडत नव्हती. ती माझी बनियनं मोजत होती.

'आणि बाबा,' ती म्हणाली, 'यांनाही धबधबा बघायचा होता का?'

मग मात्र माझा बांध फुटला. म्हटलं, सोडायचं तर सोडा, पण सांगून सोडा, वाम खायला घालून सोडू नका. नोरियुकी मटकन दगडावर बसला. आणि चिझुरु, अक्का, आधी हसली, इतकी की तिला कठड्याला धरावं लागलं, आणि मग तिच्या खऱ्या आवाजात, धबधब्याच्या वरताण, मला अशी झाडली की नागोयाची सहल दोन पावलं मागं सरली. 'तुम्हाला तिथं टाकून मी रोज सकाळी भांडू कुणाशी? ह्यांच्याशी? ह्यांना भांडता येतं का?' मग बनियनं एकेक करून नीट घड्या घालून पिशवीत ठेवली. त्यानंतर कुजबुज खरी कशाबद्दल होती ते तिनं सांगितलं. ते इथं लिहीत नाही, कारण कागद संपत आलाय.

आम्ही पाणी प्यायलो. पाणीच होतं. रिंको म्हणाली, थोडा वास येतोय. तो मापाच्या लाकडाचा होता, पण मी तिला आणखी एक माप भरून दिलं. खाली उतरून भाजलेलं मांस पोटभर खाल्लं, आणि संध्याकाळी तोमोए परत तिच्या जागी बसली.

थंडीत जप. गुडघ्याला लोकरीची पट्टी बांध.

तुझा धाकटा भाऊ,
तोकुजी

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. ती खोली तुझ्यासाठी आहे. माझ्या शेजारची, हत्यारांची. चिझुरुनं रिकामी करून धुऊन घेतलीय. पलंगही तुझा. नोरियुकीनं तुला तीनदा फोन केला म्हणे, आणि तू दर वेळी म्हणालीस की तोकुजीला विचारा, त्याला मी नको असेन. म्हणून मला डोंगरावर नेऊन, गोड बोलून विचारायचं त्यांनी ठरवलं होतं. अक्का, तुझी ही समजूत कुठून झाली? लहानपणी मी तुला खूप बोललो असेन, पण ते तूही बोललीस. त्या घटकेला त्यांनी दहा बहिणी आणतो म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, हे खरं. पण नंतर पोट भरल्यावर, शांत डोक्यानं पुन्हा विचार केला, तरी हो असंच आलं.

ता. क. दुसरं. लोणच्यात मीठ कमी घालायला तू चिझुरुला शिकवू नकोस. तो माझा आणि तिचा विषय आहे.

ता. क. शेवटचं. येत्या रविवारी नोरियुकी मोटार घेऊन तुझ्याकडे येईल. तो म्हणेल, आत्या, चला, गरम पाण्याच्या झऱ्यावर न्यायला आलोय. ते खोटं आहे. तो तुला घरी घेऊन यायला येतोय. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुला सांगून ठेवतो. यायचं नसेल तर दार लावून घे, तो गरीब आहे, परत जाईल. पण अक्का, दार उघड.