दाजींना गेटवर का थांबवलं

मुलुंड पूर्व, रविवार

आदरणीय शकुताईस धाकट्या प्रबुद्धचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे, दाजींची शुगर आणि कुंडीतला कढीपत्ता, तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. तू फोन उचलत नाहीस आणि ग्रुपवर लिहिलं तर अख्खं खानदान वाचेल, म्हणून पोस्टाचं पाकीट शोधून आणलं. दाजी सोलापूरहून एवढी शेंगाचटणी घेऊन आले आणि आमच्या गेटवर पाऊण तास बसून राहिले, त्याबद्दल आधी माफी मागतो आणि मग कारण सांगतो.

मी मुलांच्या गेमसाठी मराठी सूचना लिहितो, हे तुला माहीत आहेच. (तू सगळ्यांना 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणून सांगतेस.) यावेळी कंपनीला धोक्याच्या सूचना हव्या होत्या, आठ वर्षांच्या पोराला कळतील अशा. मी झकास लिहिलं: 'अनोळखी व्यक्तीस आपली वैयक्तिक माहिती देऊ नये.' सोसायटीतली सात पोरं जमवली, वेफर्स वाटले, वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आमची अपूर्वा म्हणाली, तो गेममधला ड्रॅगनकिंग तर कालपासून ओळखीचा आहे ना, त्याला मी शाळेचं नाव सांगितलं. ताई, तो अकरा वर्षांचा मुलगा आहे म्हणे. (म्हणे!) त्याला तिथल्या तिथे ब्लॉक केलं आणि माझं ते वाक्य फाडून टाकलं.

नवीन सूचना पोरांनीच सुचवली: 'गेटवर कुणी विचारलं तर सांगशील का? नाही ना? मग इथेही नको. आधी घरी विचार.' सगळ्यांना एका फटक्यात कळलं. तिथेच थांबायचं, पण मला हौस दांडगी. मी रोज संध्याकाळी टोपी आणि काळा गॉगल लावून गेटवर जायचो, गोड बोलून पत्ता विचारायचो. जो सांगेल तो आउट. शनिवारी मी वर घोरत होतो, फोन सायलेंटवर, आणि खाली दाजी आले. डोक्यावर टोपी, डोळ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. "बाळा, प्रबुद्ध कितव्या मजल्यावर राहतो गं?"

पोरं जाम खूश. आजचा माणूस भारी आणलाय, पण आम्ही फसत नाही! दाजी म्हणाले, मी हिच्या शकुआत्याचा नवरा. अपूर्वा म्हणाली, सगळे असंच सांगतात. (तीन वर्षांत भेट नाही, तिने तरी कसं ओळखावं?) वॉचमनलाही पोरांनी पढवून ठेवलेलं. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आत मात्र सोडलं नाही. दाजींना म्हणावं, एक डाव माफ करा. कंपनीने सूचना पास केली आहे.

तुझा,
प्रबुद्ध

ता. क. सूचनेवर चित्र आहे ते टोपी आणि काळा चष्मा घातलेल्या माणसाचं. दाजींना दाखवू नकोस.

आणखी एक ता. क. खरं काम हे. ओळख पटावी म्हणून दाजींनी मोबाइलमध्ये अपूर्वाचा फोटो दाखवला. गळ्यात मेडल, मागे शाळेची पाटी, हातात बसचा पास. परक्या माणसाच्या फोनमध्ये आपलं सगळंच बघून पोर रडत वर पळाली, तेव्हा कुठे मला जाग आली. तो फोटो तुझ्या स्टेटसवरचा, आणि तुला पाठवलेला मीच. "पप्पा, मी फक्त शाळेचं नाव सांगितलं होतं. तू तर बसचा नंबरपण सांगितलास. मला विचारलं होतंस?" ताई, फोटो काढून टाक, महिला मंडळाच्या ग्रुपवरूनही.

हे पत्र तिला विचारूनच पाठवतोय. तिने वाचून एक ओळ खोडायला लावली. कुठली, ते विचारू नकोस.