एकेरी रस्त्याबाबत माझं बदललेलं मत

तीर्थस्वरूप भाऊजींना, सभागृहातला नमस्कार सोडून घरचा नमस्कार. रक्तदाब कसा आहे? काल तुम्ही माझ्यावर टेबल बडवत होतात, त्यावरून ठीक असावा, पण ताईला विचारल्याशिवाय मी निष्कर्ष काढत नाही. आमच्याकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

माझं नक्की काय चुकलं तेच कळेनासं झालंय. शाळेसमोरचा रस्ता एकेरी करीन असं सांगून मी निवडून आलो आणि तुम्ही वर्षभर त्याला कडाडून विरोध केलात (विरोधी पक्षनेते म्हणून ते तुमचं कामच आहे, राग नाही). पण सव्वीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस मी. रस्ता पंधरा दिवस होता तसा ठेवला, पंधरा दिवस एकेरी केला आणि महिनाभर रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी वही घेऊन बसलो. (एका गृहस्थांनी मला हवालदार समजून हरवलेल्या छत्रीची तक्रार लिहून घ्यायला लावली. ती अजून शोधतोय.) पोरांसमोर करकचून ब्रेक लागले ते आधी तीन, नंतर अकरा. समोरून कोणी येत नाही म्हटल्यावर गाड्या सुसाट सुटतात. म्हणजे तुमचं बरोबर, माझं चूक. खरं सांगतो, मला आनंद झाला. इतका स्वच्छ निकाल प्रयोगशाळेतही कधी आला नव्हता.

तो आलेख घेऊन काल उभा राहिलो आणि म्हणालो, माझी चूक झाली, रस्ता पूर्ववत करा. आमच्या पक्षाच्या अध्यक्षांनी कानाशी येऊन विचारलं, "मास्तर, कोणी दम दिलाय का?" नाही म्हणालो, तर त्यांची काळजी आणखीच वाढली. निदान तुम्ही तरी बाक वाजवाल म्हणून तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही उठून एकेरी रस्ता ही काळाची गरज कशी आहे यावर वीस मिनिटं बोललात. मुद्दे ओळखीचे वाटत होते. घरी येऊन पाहिलं, तर माझ्याच प्रचारपत्रकातले निघाले. आता माझा पक्ष वचन दिलंय म्हणून एकेरीच्या बाजूने, तुमचा पक्ष मी नको म्हणतो म्हणून एकेरीच्या बाजूने, आणि उरलो मी. सोमवारी मतदान झालं की रस्ता कायमचा एकेरी. हिला विचारलं, तर म्हणाली, "फळ्यावरची चूक तुम्ही पुसायचात तेव्हा समोर पोरं असायची. इथे मोठी माणसं आहेत."

ताईला नमस्कार, नातीला गोड पापा.

तुमचा गोंधळलेला मेहुणा

ता. क. मागच्या चौदा ठरावांत चौदाही वेळा तुम्ही माझ्या विरुद्ध गेलात. म्हणून सोमवारी मी एकेरीच्या बाजूने जोरदार भाषण करणार आहे. तुम्ही नेहमीप्रमाणे मला झोडपा, एवढीच विनंती. मतदानाला मी गुपचूप तुमच्याकडे आलो, की ठराव एका मताने पडतो.

आणखी एक ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्यालाच आधी कळवतात का, आणि भाऊजींना सरळ का नाही लिहीत? मला ते जमत नव्हतं. त्या अकरांपैकी गुरुवारचा ब्रेक तुमच्या नातीसाठी लागला. आलेखात तो इतरांसारखाच एक ठिपका आहे. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. दप्तर पडलं होतं, ते मी उचलून दिलं. आजोबांना सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.