चाळीस सेकंदांचे तुकडे

ता. ४ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला भांडण होतं, म्हणून पुन्हा पत्र. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही.

मी बरा आहे. म्हणजे जेवतोय, झोपतोय आणि उरलेला वेळ कॉम्प्युटरपुढे मान मोडून बसतोय. चाळीस सेकंदांच्या तुकड्याला आठवडा कसा लागतो, असं तू विचारलंस. शिवणकाम करणारीने तरी हे विचारू नये. आधी खालचा जाड सूर, त्यावर ठेका, त्यावर लांबत जाणारे स्वर आणि सगळ्यात वर चाल. वाद्य एकही खरं नाही; सॉफ्टवेअरमधल्या सिंथेसायझरवर एकेक आवाज घडवायचा. एक थर तपासायचा तर बाकीचे बंद करायचे, मग पुन्हा चालू करायचे. दिवसभर हेच. दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांसाठी संगीत घेणाऱ्या मॅडमनी तीन तुकडे परत पाठवले. त्यात जीव नाही म्हणे. जीव कुठल्या बटणावर असतो ते काही त्यांनी सांगितलं नाही.

खरं सांगू? कंटाळलोय. मित्राच्या गोदामात माल उतरवून घ्यायला माणूस हवाय, तो पहिल्या तारखेपासून ये म्हणतोय. पण खुब्याचं हाड मोडून पडलेली आपली आई माझे तुकडे ऐकून गुणगुणते असं तू लिहितेस, तेवढ्यावर अडून बसलोय. नवा तुकडा मोबाईलवर पाठवलाय. तिला ऐकव आणि काय म्हणाली ते खरं कळव. त्यावरच ठरवीन.

या दमलेल्या भावावर लोभ थोडा जास्तच असू दे.

तुझा,
ठोक्या


ता. ११ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

उत्तराला उशीर झाला. शाळेचे गणवेश द्यायचेत, त्यात आईचं अंग पुसणं, औषधं, व्यायाम करून घेणाऱ्या बाई. परवा एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या आणि उसवत बसले. तक्रार करत नाहीये, नुसतं सांगतेय.

तुझा तुकडा दुपारी आईला ऐकवला. काय गोड चाल रे! आई दिवसभर तीच गुणगुणत होती. मधला चढाव तर तिला फारच आवडला. तेव्हा गोदामाचं खूळ डोक्यातून काढ. लहानपणी डबे बडवून तू आमचं डोकं उठवलंस, ते काय खोकी उतरवायला?

जेवत जा. लोभ आहेच, ओरडाही आहे.

तुझी,
अक्का


ता. १९ मार्च

ती. अक्कास,
सा. न.

आज विनंती काही नाही, म्हणून पुढची अक्षरं गाळली.

काल मॅडमना पाठवण्याआधी तो तुकडा उघडला. तुला पाठवलेल्या प्रतीत चालीचा थर बंदच राहिलाय. खालचा सूर तपासताना मी तो बंद केला आणि चालू करायला विसरलो. त्यात चाल नाहीच, अक्का. चढाव नाही, काही नाही. मग आई काय गुणगुणली?

तुझी मागची सगळी पत्रं काढून वाचली. प्रत्येकात गोड चाल, प्रत्येकात चढाव. वर्षभर ज्या एका माणसासाठी मी या खुर्चीत बसलो, त्या माणसाने काही ऐकलंय तरी का? मला फार लागलं गं. गोदामाला होकार द्यायचाय, त्याआधी एवढं सांग.

लोभ कमी झालेला नाही, पण आज लिहवत नाही.

ठोक्या


ता. २६ मार्च

चि. ठोक्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

आडवी पडून लिहितेय, अक्षर वाकडं येईल. तुझं पत्र अक्का माझ्या उशाशी विसरली, ते मी वाचलं. दोन दिवस ती कोरा कागद घेऊन बसते आणि तशीच उठते. तिला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून तिला न सांगता मी लिहितेय; व्यायामाच्या बाई जाताना पेटीत टाकतील.

मी सगळे तुकडे ऐकलेत. या वेळी चाल नव्हती हेही कळलं. म्हटलं, नवीन पद्धत असेल, आपण कशाला बोला. गुणगुणले मात्र कधीच नाही. ते अक्काने पदरचं घातलं, कारण तिने एकही तुकडा पुरता ऐकलेला नाही. दुपारी जेवणं आटोपली की ती मोबाईल माझ्या स्टुलावर ठेवते, लावते आणि खुर्चीत टेकते. तुझा तो जाड सूर सुरू झाला की तिची मान कलते. तोंड उघडं टाकून झोपते, अगदी लहानपणी झोपायची तशी. दिवसभरात तिला तेवढीच काय ती विश्रांती.

तुकडा संपला की दचकून उठायची आणि थेट मशीनकडे पळायची. मला बघवेना. म्हणून आता संपत आला की मी हात लांबवून पुन्हा लावते. परत संपत आला की परत. आपोआप लागायची काही सोय असते म्हणे, पण ती अक्कालाच विचारावी लागेल, आणि तिला कळलं तर ती खुर्चीत टेकायचीच नाही. तिला वाटतं तुकडा एकदाच वाजला आणि आपली डुलकी लागली. मला काय वाटलं हे विचारायचीही तिला चोरी, म्हणून मनाचं लिहिते. तिच्यावर रागावू नकोस रे, पोर फार दमलीय.

काल माझा खांदा भरून आला, हात वेळेवर पोचला नाही. ती उठली आणि बाह्या जोडायला गेली.

गोदामाचं तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही. चालही असू दे, नसू दे. पण जायच्या आधी एक तासभराचा कर.

तुझी,
आई