दादानं पहार उचलली तेव्हा

सोमवार, संध्याकाळ. अंबडच्या बसमध्ये

बस हादरून राह्यली, अक्षर नीट येत न्हाई.

पेशीत तयार झालेलं प्रथिन जिवाणू बाहेर कसं पाठवतो, हे शोधण्यातच माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आता बेंगळुरूला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. दुपारी चहा घेताना घरी सांगितलं, तर दादा भडकला.

"लग्न न्हाई, लेकरू न्हाई, जंतू पोसायला चालली!"

त्यानं पहार आणून माझा लॅपटॉप फोडला. मी आडवी गेले, तर केस धरून भिंतीवर आपटलं. तोंड रक्तानं भरलं. त्यानं परत पहार उचलली, तेव्हा मी वरवंटा घेऊन त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो माझाच हात होता का? थेंबभर द्रावण न सांडता मोजणारा?

दादा खाली बसून ओरडत होता. वाटलं, माय आता त्याला जवळ घेईल. ती माझी बॅग घेऊन आली.

"त्याला दवाखान्यात मी नेते. तू जल्दी निघ."

"माय, मी गेल्यावर तो तुला मारील."

"एका हातानं?" माय म्हणाली.